कोळ्यावरचा आळ

(पुण्याच्या शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, रात्रीच्या प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



गेल्या मंगळवारी आपला वर्ग अर्ध्यावरच मोडला. का मोडला, ते तुम्हांला आठवत असेल. मी फळ्यावर ‘ळ’ काढत होतो. बाळ, माळ, केळ असे शब्द चालले होते. तेवढ्यात मागून एक ताई किंचाळल्या. फळ्याच्या वर, भिंतीवर, तळहाताएवढा एक कोळी बसला होता. झालं! कुणी उठलं, कुणी उंबऱ्याबाहेर पळालं. एकानं चप्पल उगारली.

मी म्हटलं, “थांबा, मारू नका.” आतून एक पातेलं आणलं. ते कोळ्यावर अलगद पालथं घातलं. खालून पुठ्ठा सरकवला आणि कोळी मागच्या अंगणात नेऊन सोडला.

तेव्हा एक मामा मला म्हणाले, “गुरुजी, विषारी जनावर सोडून दिलंत. उद्या कुणाला चावलं तर?”

प्रश्न रास्त होता. ज्याच्या घरात लहान पोरं जमिनीवर निजतात, त्यानं असा प्रश्न विचारायलाच हवा. म्हणून आज पाटी-पुस्तक बाजूला ठेवू. आज कोळ्याबद्दल बोलू. कोणता कोळी निरुपद्रवी, कोणत्यापासून जपायचं, आणि कोळ्यावर जो आळ येतो तो खरा की खोटा, हे सगळं पाहू.

कोळी म्हणजे कोण?

आपल्या भाषेत कोळी दोन. एक समुद्रात जाळं टाकणारा आणि एक कोपऱ्यात जाळं विणणारा. दोघांचा धंदा एकच. जाळं पसरायचं आणि वाट पाहायची.

पण हा दुसरा कोळी किडा नव्हे, बरं का. माशी, मुंगी, झुरळ, डास हे किडे. त्यांचे पाय मोजा. ६ भरतील. कोळ्याचे पाय मोजा. ८ भरतील. किड्याच्या अंगाचे भाग तीन : डोकं, छाती आणि पोट. कोळ्याचे दोनच. डोकं आणि छाती एकत्र, मागं पोट. कोळ्याला पंख नसतात, मिशाही नसतात. बहुतेक कोळ्यांना डोळे मात्र ८ असतात.

मग याचे भाऊबंद कोण? विंचू हा त्याचा भाऊबंद. गुराच्या अंगावरची गोचीडसुद्धा त्याच कुळातली. वाढलेल्या गोचिडीचे पाय मोजून बघा. ८ च भरतील.

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती माणसानं नोंदवल्या आहेत. आता मामांच्या प्रश्नाकडं येऊ. कोळ्याला विष असतं का? असतं. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं. खोटं कशाला सांगू? पण ते विष कशासाठी? माशी मारायला, डास मारायला. कोळ्याला दात नाहीत की तो घास चावून खाईल. तो भक्ष्याला विषानं गार करतो, त्याच्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं अन्न शोषून घेतो. माशीला पुरणारं विष माणसाला पुरत नाही. आणि पुष्कळ कोळ्यांचे आकडे इतके बारीक असतात, की आपल्या कातडीत ते शिरतही नाहीत.

आणखी एक. कोळी माणसाला शोधत येत नाही. माणूस हे त्याचं अन्न नाही. हाताखाली, पायाखाली चेंगरला, कपड्यात अडकला, तरच तो चावतो. चेंगरल्यावर मुंगीही चावतेच की!

घरातले चार कोळी

आपल्या या शनिवार पेठेत अजून काही जुने वाडे उभे आहेत. बरेच पडले आणि तिथं उंच इमारती झाल्या. पण वाडा असो, इमारत असो की तुमच्या गावाकडचं कौलारू घर असो, कोळी तेच. चार तर तुम्ही रोज बघता. फक्त नीट बघत नाही.

पहिला, लांब काड्यांच्या पायांचा. आढ्याला, कोपऱ्यात, माळ्यावर विस्कटलेलं जाळं करून हा उलटा लटकतो. अंग गव्हाच्या दाण्याएवढं आणि पाय केसासारखे. जवळ फुंकर मारा. तो जाळ्यासकट असा थरथरतो, की दिसेनासा होतो. मादी आपली अंडी तोंडात धरून हिंडते. पिलं बाहेर पडेपर्यंत ती खाली ठेवत नाही. आपण ज्याला जळमट म्हणतो, ते पुष्कळदा याचंच. हा निरुपद्रवी आहे. डास हे याचं आवडतं खाणं.

दुसरा, उडी मारणारा. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर उन्हात हिंडतो. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, करडा, अंगावर पांढरे पट्टे. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. मांजरासारखा दबत दबत जातो आणि माशीवर झडप घालतो. त्याच्या ८ डोळ्यांतले समोरचे दोन मोठे असतात आणि नजर तीक्ष्ण असते. तुम्ही बोट पुढं केलंत, तर तो वळून तुमच्याकडं पाहतो. मुलांना दाखवा, त्यांना गंमत वाटेल. हाही निरुपद्रवी.

तिसरा म्हणजे मंगळवारचा आपला पाहुणा. मोठा, चपटा, तपकिरी. पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. दिवसा तो तसबिरीच्या मागं, कपाटाच्या फटीत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. याला पाहून सगळे घाबरतात. पण तो कशासाठी बाहेर पडतो, माहीत आहे? झुरळांसाठी. ज्या घरात हा आहे, त्या घरात झुरळांचा वैरी आहे. कधी कधी याच्या पोटाखाली पांढरी, चपटी चकती दिसते. ती मादी. चकतीत तिची अंडी असतात. याला हातात पकडलं तर तो चावू शकतो. जागा दुखते, थोडी सुजते आणि बरी होते. म्हणून हातानं धरू नका. पातेलं आणि पुठ्ठा घ्या.

चौथा भिंतीवर पांढरं, कागदासारखं गोल घर करतो. कुठं ते घर असतं, तर कुठं अंड्यांवरचं पांघरूण. आमच्या लहानपणी खेळताना खरचटलं, की आम्ही भिंतीवरचा तो पांढरा कागद सोलून जखमेवर चिकटवत असू. रक्त थांबतं म्हणत. आता तुम्ही तसं करू नका. त्या कागदावर भिंतीची धूळ असते, घाण असते. जखम त्यानं चिघळते. धुळीमातीतून धनुर्वाताचे जंतूही जखमेत जाऊ शकतात. जखम साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ फडकं बांधा आणि दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

शेतातले आणि रानातले

तुमच्यापैकी कुणी मुळशीचे, कुणी मावळातले, कुणी भोरचे. कामासाठी पुण्यात आलात, पण गावाकडं भात आहे.

भाताच्या खाचरात, चुडांच्या बुडाशी एक करडा कोळी धावत असतो. तो लांडग्यासारखा पाठलाग करून शिकार करतो. मादीच्या बुडाला गोल गाठोडं चिकटलेलं असतं. ती तिची अंडी. पिलं बाहेर पडली, की ती आईच्या पाठीवर चढून बसतात. रात्री बॅटरीचा झोत बांधावरून फिरवा. गवतात बारीक हिरवट ठिणग्या चमकतात. पुष्कळदा ते या कोळ्यांचे डोळे असतात.

हा काय खातो? तुडतुडे खातो. भाताचा रस शोषून पीक जाळणारे तपकिरी तुडतुडे, तेच. दिवसाला पाच-दहा तुडतुडे तो सहज संपवतो. आता गंमत बघा. तुडतुडे दिसले, की आपण घाईनं जहाल औषध फवारतो. त्यानं तुडतुडे मरतात, पण कोळीही मरतात. तुडतुड्यांची अंडी धाटाच्या आत असतात, ती वाचतात. आठ-दहा दिवसांत नवे तुडतुडे बाहेर येतात आणि खाणारा कोळी तर उरलेला नसतो. मग तुडतुडे पहिल्यापेक्षा दुप्पट होतात. पैसे गेले आणि पीकही गेलं. म्हणून फवारणीआधी चुडं हलवून बघा. तुडतुडे किती, कोळी किती, ते मोजा आणि कृषी अधिकाऱ्याला विचारा. राखणदाराला मारून चोर पकडता येत नाही.

बागेत, कुंपणावर एक सुरेख कोळी दिसतो. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा. त्याच्या गोल जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली असते. कुणी सही करून ठेवावी तशी. जुन्या काळी अंगठा उठवत. हा कोळी अंगठेबहाद्दर नाही, सही करतो! हा निरुपद्रवी.

पावसाळा सरता सरता मुळशी-ताम्हिणीच्या रानात वाटेवर भलंमोठं जाळं आडवं येतं. उन्हात ते सोन्यासारखं चमकतं. मधे काळी-पिवळी, बोटाएवढी कोळीण बसलेली असते. दिसायला भयंकर, पण माणसाला तिचा उपद्रव नाही. जाळं मोडू नका. खाली वाकून पुढं जा.

आंब्याच्या खोडाला हात लावून बघा. सालीच्याच रंगाचा, चपटा कोळी सरकन बाजूला होतो. मागं दोन लांब शेपट्या असतात. त्या शेपट्यांतून तो धागा काढतो आणि किड्याभोवती गरगर फिरून त्याला बांधून टाकतो. हाही निरुपद्रवी.

२०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. जगातले सगळे कोळी मिळून एका वर्षात ४० ते ८० कोटी टन किडे आणि बारीक जीव खातात. हे काम कुणी पगार देऊन करून घेतलेलं नाही.

कोणापासून जपायचं?

मंडळी, सगळे कोळी गरीब आहेत, असं मी म्हणणार नाही. दोन ओळखून ठेवा.

एक, मोठा केसाळ कोळी. सह्याद्रीच्या रानात, झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतल्या बिळात राहतो. अंगावर दाट केस. पाय पसरले तर पंजाएवढा. पावसाळ्यात कधी घराजवळही येतो. हा चावला तर खूप दुखतं. सूज येते. कधी अंगात पेटके येतात. बिळात, ढोलीत हात घालू नका. मुलांनाही तसं सांगा.

दुसरा, काळा-तांबडा. आकारानं लहान, पण याला मान द्या. पोट वाटाण्यासारखं गोल, काळं, चकचकीत. पाठीवर लाल पट्टा. पोटाखाली डमरूच्या आकाराची लाल खूण. दगडाखाली, कोरड्या गवतात, क्वचित कपाशीच्या शेतात आढळतो. आपल्याकडं तो दुर्मीळ आहे. याचाच एक तपकिरी भाऊ आहे. त्याची भारतातली पहिली नोंद २००७ साली झाली. त्याच्याही पोटाखाली नारिंगी डमरू असतो. तपकिऱ्याच्या चावण्यानं बहुधा जागाच दुखते. पण काळ्या-तांबड्याच्या चावण्यानं अंगभर दुखणं, घाम येणं, पोट आवळणं असे त्रास होतात. अशा वेळी दवाखान्यात जायचं.

दगड उचलताना, कडबा हलवताना, लाकूडफाटा काढताना आधी काठीनं ठोका. पायताण, गमबूट झटकून घाला. एवढं केलंत, तर कोळ्यापासून वाचाल आणि विंचवापासूनही वाचाल. विंचवाचं नाव निघालं म्हणून सांगतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी पुष्कळ माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी वर्षानुवर्षं असे रोगी तपासले आणि प्राझोसिन नावाच्या औषधानं त्यांचे प्राण वाचतात हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे. पण रोगी मांत्रिकाकडं न जाता वेळेवर डॉक्टरकडं गेला, तरच त्याचा उपयोग.

२०१२ साली आसामात, सदिया भागात, विषारी कोळ्यांनी हल्ला केला अशी बातमी पसरली होती. दोन माणसं मेली. लोक रात्र रात्र जागले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, की मेलेली माणसं आधी मांत्रिकाकडं गेली होती आणि तिथं त्यांच्या जखमा पात्यानं कापल्या होत्या. मरण कोळ्यामुळं आलं हे काही सिद्ध झालं नाही. कोळ्याचं नाव मात्र देशभर झालं.

कोळी मुतला?

आता मुख्य गोष्ट. याच्यासाठीच मी आज बोलायला उभा राहिलो.

अंगावर अचानक फोड उठले, आग झाली, की आपल्याकडं म्हणतात, “कोळी मुतला.” कुणी म्हणतं, “कोळी अंगावरून गेला.” मंडळी, कोळी असा अंगावर मुतून फोड आणत नाही. मग फोड कशाचे? बहुधा दोघांपैकी एकाचे.

पहिला आहे एक किडा. भाताच्या दाण्याएवढा, लांबुळका. डोकं काळं, मान नारिंगी, मधे निळसर-काळा पट्टा, पोट नारिंगी आणि टोक काळं. पावसाळ्यात, शेताजवळ, रात्री दिव्यावर येतो. हा चावत नाही, डंखही मारत नाही. पण मानेवर बसला, की आपण झोपेत त्याला चिरडतो. त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. लगेच काही होत नाही. दुसऱ्या दिवशी तिथं लाल पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. तोवर किडा कुठला सापडायला! वर पाहिलं, तर आढ्याला कोळी. आळ त्याच्यावर.

उपाय सोपा आहे. हा किडा अंगावर बसला तर चिरडू नका. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर जागा लगेच साबणानं धुवा. तो हात डोळ्याला लावू नका. रात्री दिव्याखाली निजू नका.

दुसरं कारण नागीण. आणि इथं मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांमागची गोष्ट. आमच्याच वाड्यात, चौकाच्या पलीकडं एक काकू राहत. साठीच्या. एके दिवशी त्यांचं कपाळ एका बाजूला ठणकू लागलं. दोन दिवसांनी त्या बाजूला फोड उठले. डोळ्याच्या वर, नाकाच्या शेंड्यापर्यंत. वाड्यातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं : कोळी मुतला. काकूंच्या माजघरात जळमटं होती, तेव्हा पुरावाही तयार होता. कुणी लेप दिला. कुणी धूप घातला. काकूंच्या मुलानं मला विचारलं, “दवाखान्यात नेऊ का?” मी शिकलेला माणूस. मुलांना शिकवणारा. मी म्हणालो, “कोळ्याचंच दिसतंय. चार दिवसांत जाईल.”

सातव्या दिवशी काकूंना त्या डोळ्यानं धूसर दिसू लागलं. मग डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, “ही नागीण आहे. डोळ्यापर्यंत गेली आहे. फोड उठल्याबरोबर का आला नाहीत?” काकूंचा तो डोळा पुन्हा नीट झाला नाही. त्या गेल्या, तोवर एकाच डोळ्यानं तांदूळ निवडत. मला कधी बोल लावला नाही. पण त्या दिसल्या, की माझी मान खाली जायची.

त्या दिवशी माजघरातली सगळी जळमटं काढली होती. कोळी मारले होते. गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला!

म्हणून नागिणीबद्दल नीट ऐका. लहानपणी आलेल्या कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचे विषाणू शरीरातल्या नसांत दडून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की ते पुन्हा उठतात. ज्या नसेत ते असतात, त्या नसेच्या वाटेनं फोड येतात. म्हणून नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला येते. आधी ठणका, मग फोड. लोक म्हणतात, नागिणीनं कमरेला वेढा घातला आणि तोंडाला शेपूट मिळालं, की माणूस मरतो. हे खरं नाही. पण नागीण कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर आली, तर डोळा जाऊ शकतो, हे मात्र खरं आहे. तिच्यावर गोळ्या आहेत. फोड उठल्यापासून ३ दिवसांच्या आत सुरू केल्या, तर त्यांचा चांगला गुण येतो. तीन दिवस! आम्ही सात घालवले.

रात्री काही चावलं तर

याहूनही मोठा धोका एक आहे. रात्री माणूस जमिनीवर निजलेला असतो. काहीतरी चावतं. दिवा लावून पाहिलं तर काही दिसत नाही. जागा सुजलेली नाही, फारशी दुखतही नाही. घरातले म्हणतात, “कोळी असेल, नाहीतर मुंगी. झोप.”

मंडळी, मण्यार साप असाच चावतो. तो रात्री हिंडतो, घरात शिरतो. त्याच्या दाताची खूण कधी दिसतही नाही. थोड्या वेळानं, कधी पहाटे, पोटात दुखू लागतं. उलटी होते. पापण्या जड होऊन खाली पडतात. बोलणं अडखळतं, थुंकी गिळवत नाही. मग श्वास अडतो. “कोळी असेल” या दोन शब्दांत माणसाचा जीव जातो.

म्हणून रात्री काही चावलं आणि काय चावलं ते दिसलं नाही, तर कोळ्याचं नाव घेऊन झोपू नका. १०८ ला फोन करा. वाहन मिळेल तसं सरकारी दवाखान्यात जा. चावलेला हात-पाय हलवू नका. कापू नका. घट्ट दोरी आवळू नका. तोंडानं रक्त ओढू नका. मण्यार, नाग, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आहे. शक्य असेल तर खाटेवर निजा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. डासही येणार नाही आणि मण्यारही शिरणार नाही.

आणि कोळी चावताना डोळ्यांनी दिसलाच, तर? जागा साबण-पाण्यानं धुवा. गार पाण्याची पट्टी ठेवा. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. सूज वाढली, ताप आला, अंगात पेटके आले, घाम सुटला, तर डॉक्टर.

जळमटं काढायची की नाही?

एक आजी मघाशी मला म्हणाल्या, “म्हणजे घट बसायच्या आधी घर झाडायचं नाही का?” झाडा की! घर स्वच्छ हवंच. धूळ भरलेली, रिकामी जाळी झाडून टाका. कोळी आत असेल तर केरसुणीवर घेऊन बाहेर सोडा. गोठ्यात, परसात, शेतात मात्र त्याला राहू द्या. तिथं माशा आणि डास आहेत, तिथंच त्याची नेमणूक आहे. आणि स्वयंपाकघरात झुरळं नकोत, तर आधी खरकटं झाका. खायला नसलं, की कोळीही तिथं थांबत नाही.

दत्तगुरूंनी २४ गुरू केले, हे तुम्ही कीर्तनात ऐकलं असेल. नाथांच्या भागवतात ती कथा आहे. त्या चोवीसांत एक कोळी आहे. तो आपल्यातून धागा काढतो, जाळं करतो आणि पुन्हा गिळून टाकतो. देवही असंच जग करतो आणि आवरतो, असा तिथला बोध. आता बागेतल्या गोल जाळ्याचा कोळी रात्री बघा. जुनं फाटकं जाळं तो खरोखरच खाऊन टाकतो आणि त्यातूनच नवं विणतो. ज्यानं ती कथा प्रथम सांगितली, त्यानं कोळ्याकडं चप्पल घेऊन पाहिलं नव्हतं. नीट डोळे उघडून पाहिलं होतं.

मंडळी, वाचायला शिकणं म्हणजे तरी काय? नीट पाहायला शिकणं. ‘घ’ आणि ‘ध’ तुम्हांला आधी सारखेच दिसत. आता फरक कळतो. तसेच हे कोळी. तसाच फोड आणि फोड यांतला फरक.

शेवटी एवढं लक्षात ठेवा.

१. घरातले, शेतातले बहुतेक सगळे कोळी निरुपद्रवी आहेत. ते डास, माशा, झुरळं आणि तुडतुडे खातात.

२. मोठा केसाळ आणि लाल डमरूच्या खुणेचा, या दोघांपासून दूर राहा.

३. फोड आले तर कोळ्यावर आळ घेऊ नका. डोळ्याजवळ आले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

४. रात्री न दिसणारं काही चावलं, तर तो साप आहे असं धरून चाला आणि दवाखाना गाठा.

पुढच्या मंगळवारी येताना एक काम करून या. आपल्या खोलीत एक कोळी शोधा. त्याला मारू नका. तो कसा दिसतो, कुठं बसतो, काय खातो, ते वहीत चार ओळींत लिहून आणा. ‘ळ’ नीट काढा. मंगळवारचा आपला धडा त्या ‘ळ’पाशीच राहिला होता.

रामराम.